दहा टक्क्यांची रेघ : कंपनीचे प्राप्तिकर विवरणपत्र व प्रमुख भागधारक

(द्वितीय वर्ष बी. ए., अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने प्राप्तिकराच्या विवरणपत्रावर लेख लिहावा, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. 'हा कॉमर्सवाल्यांचा प्रांत,' असे मैत्रिणींनी मला ऐकवलेच. मलाही या विषयाची आवड होती असे नाही. परंतु गेल्या वर्षी एका साध्या प्रकल्पाच्या निमित्ताने मी त्यात शिरले आणि तेथे मला माझ्या वडिलांचे नाव सापडले. म्हणून हा सारा खटाटोप.

प्रकल्प होता 'आपल्या तालुक्यातील एक उद्योग'. माझे गाव मराठवाड्यातले, कापसाचे. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, एका जिनिंगवर रात्रपाळीचे वॉचमन आहेत. तेव्हा मी तीच जिनिंग निवडली. अर्थशास्त्राच्या सरांनी सांगितले की, कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला दरवर्षी कंपनी निबंधकांकडे वार्षिक विवरण द्यावे लागते आणि ठरावीक शुल्क भरून ते कोणालाही संगणकावर पाहता येते. शुल्क सरांनीच भरले. विवरणाबरोबर भागधारकांची यादी होती. एकूण भाग १०,०००, प्रत्येकी दहा रुपयांचे. म्हणजे वसूल भांडवल एक लाख रुपये. मालक, त्यांची पत्नी, मुलगा आणि सून यांच्या नावावर प्रत्येकी ९०० भाग. उरलेले ६,४०० भाग चौघांच्या नावावर, प्रत्येकी १,६००. त्या चौघांपैकी एक मुनीम, एक मालकांचा ड्रायव्हर, एक त्यांच्या घरचा स्वयंपाकी आणि चौथे नाव आबांचे.

सरांनी चष्मा पुसला आणि विचारले, "तुझे वडील काय करतात म्हणालीस?"

आबांचा पगार महिना नऊ हजार. सोळा हजारांचे भाग त्यांनी कधी घेतले, या प्रश्नाला त्यांचे उत्तर सरळ होते. "मुनीम म्हनले सही कर, मी केली. मालकाचं मीठ खातो पोरी, सहीला काय इचारायचं?" त्याच वेळी मुनिमांनी त्यांचे पॅनकार्डही काढून दिले होते. ते आबांनी जपून ठेवले आहे, कारण त्यावरचा फोटो चांगला आला आहे. एका छापील कागदावर तारीख व पुढचे नाव कोरे ठेवून सही घेतली होती, एवढे त्यांना आठवते. सरांच्या मते ते भाग-हस्तांतराचे पत्र असावे. भाग कधीही दुसऱ्याच्या नावावर फिरवता यावेत म्हणून ते आधीच घेऊन ठेवतात. कंपनीचे नाव व गाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. आणि हे सर्व आबांना विचारूनच लिहीत आहे.

आता मूळ विषयाकडे वळते.

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय. तिचे पैसे ते मालकाचे पैसे नव्हेत. हे तत्त्व इंग्लंडात ॲरन सॉलोमन नावाच्या चामड्याच्या जोड्यांच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात पक्के झाले. त्याने १८९२ साली आपला धंदा कंपनीच्या नावे केला. २०,००७ भागांपैकी २०,००१ त्याचे स्वतःचे, आणि पत्नी व पाच मुलांचा प्रत्येकी एक भाग. कायद्याला सात सभासद हवे होते, ते असे भरले! तरीही कंपनी निराळी आणि सॉलोमन निराळा, असाच अंतिम निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. विद्यार्थ्याला हा निर्णय प्रथम वाचताना हसू येते. पण भांडवल गोळा करणाऱ्या साऱ्या जगाने तो उचलून धरला, कारण धंदा बुडाला तरी भागधारकाचे घर बुडत नाही, हा दिलासा त्यातूनच मिळतो.

मात्र हा पडदा सरकारी तिजोरीला अडचणीचा. कर कंपनीने भरावयाचा हे खरे, पण कंपनीच्या आड कोण उभे आहे हे कळल्यावाचून तो कर नीट आकारता येत नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट हे बॅरोनेट. लाभांश व व्याजाचे त्यांचे उत्पन्न मोठे, आणि त्या काळी मोठ्या उत्पन्नावर सुपर टॅक्स नावाचा चढता जादा कर असे. त्यांनी चार खाजगी कंपन्या काढल्या आणि आपल्या गुंतवणुकीचा एकेक गठ्ठा एकेकीच्या नावे केला. उत्पन्न कंपनीकडे जमा होई आणि 'कर्ज' म्हणून पुन्हा सर दिनशांच्या हाती येई. कर्ज हे उत्पन्न नव्हे, म्हणून त्यावर कर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ साली ही मांडणी मोडून काढली. केवळ कर चुकवण्यासाठी उभी केलेली ही कंपनी म्हणजे दुसरेतिसरे कोणी नसून करदाता स्वतःच आहे, असे न्यायालयाने ठरवले.

परंतु प्रत्येक वेळी न्यायालयात जाऊन पडदा फाडणे सरकारला परवडत नाही. म्हणून १९५५ साली कायद्यातच तरतूद आली, आणि पुढे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ती कलम २(२२)(ई) म्हणून राहिली. मूठभर लोकांच्या हातातील कंपनीने आपल्या मोठ्या भागधारकाला कर्ज वा आगाऊ रक्कम दिली, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ते कर्ज लाभांशच समजावे, असा तिचा आशय. समजा, कंपनीकडे आठ लाखांचा नफा साठला आहे आणि मालकाने बारा लाख 'उसने' घेतले, तर आठ लाख हे त्याचे उत्पन्न धरून त्यावर कर बसेल. सावकारी हाच ज्या कंपनीचा धंदा आहे, तिने धंद्याच्या ओघात दिलेल्या कर्जाला ही तरतूद लागत नाही.

मग 'मोठा भागधारक' कोणाला म्हणावयाचे? पूर्वी वीस टक्के मताधिकार ही सीमा होती. १९८७ च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या ३१ मेनंतरच्या कर्जांसाठी, ती दहा टक्क्यांवर आली. कंपनीच्या प्राप्तिकर विवरणपत्रात जी दहा टक्क्यांची रेघ दिसते, तिचे एक मूळ येथे आहे असे मला वाटते.

हे विवरणपत्र म्हणजे आयटीआर-६. धर्मादाय म्हणून करमाफी मागणाऱ्या कंपन्या वगळता बाकीच्या कंपन्यांना हाच नमुना. तो संगणकावरूनच भरावा लागतो आणि त्यावर संचालकाची डिजिटल सही लागते. मी कोरा नमुना छापून घेतला आणि शब्दकोश मांडीवर ठेवून वाचला. फार जाडजूड आहे. नफातोट्याचे व घसाऱ्याचे रकाने मी पाहून सोडून दिले. पण पहिल्याच सर्वसाधारण भागात, संचालकांच्या नावांखाली, भागधारकांचा तक्ता आहे. वर्षातील कोणत्याही वेळी किमान दहा टक्के मताधिकार असलेल्या भागांचे जे लाभार्थी मालक होते, त्यांची नावे, पत्ते, टक्केवारी, पॅन व आधार तेथे मागितले आहेत.

या एका वाक्यातील दोन शब्दांपाशी मी अडखळले, आणि सरांनी मला दोन तास बसवून ते समजावून दिले.

पहिला शब्द 'कोणत्याही वेळी'. परीक्षेच्या दिवशी हजर असलेल्यांचीच हजेरी घ्यावी तसा हा प्रकार नाही. एप्रिलमध्ये भाग घेतले, फेब्रुवारीत विकले आणि ३१ मार्चला हात झाडून मोकळा झाला, तरी त्याचे नाव आले पाहिजे. अमेरिकेतील कंपन्यांच्या ११२० क्रमांकाच्या विवरणपत्रातही असाच प्रश्न आहे, पण तेथे तो वर्षअखेरच्या स्थितीबद्दल विचारतात. तेथे रेघ थेट मालकीसाठी वीस टक्क्यांची, आणि थेट वा आडवळणाने मिळून पन्नास टक्क्यांची. एका बाबतीत मात्र अमेरिकन नमुना पुढे आहे. आडवळणाची मालकी मोजताना तेथे भाऊ, बहीण, पती वा पत्नी, पूर्वज आणि वंशज यांचे भाग एकत्र धरतात. सून मात्र त्या यादीत नाही! आमच्या जिनिंगच्या मालकांना ते माप लावून पाहिले, तर त्यांचे स्वतःचे, पत्नीचे व मुलाचे मिळून २७ टक्के होतात. म्हणजे पन्नासाची रेघ ओलांडली जात नाहीच. नात्यागोत्याचा हिशेब केला तरी नोकरांच्या नावावरचे ६४ टक्के बाहेरच राहतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरा शब्द 'लाभार्थी मालक'. सारी मेख येथे आहे. नोंदवहीत नाव कोणाचे, हा प्रश्नच नाही. त्या भागांचा लाभ कोणाला होतो, मत कोणाच्या सांगण्यावरून पडते, भाग विकले तर पैसे कोणाच्या खिशात जातात, हा प्रश्न आहे. आमच्याकडे जमिनीच्या बाबतीत हे सर्वांना कळते. सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि कसतो, खातो कोण, या दोन गोष्टी निराळ्या, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. भागांच्या बाबतीत तेच तत्त्व इंग्रजीत लिहिले की अवघड वाटू लागते.

आता आमच्या यादीला हे माप लावू. नोंदवही प्रमाण मानली, तर मालकाच्या घरात दहाच्या रेघेला कोणीच शिवत नाही. सगळे नऊ-नऊवर थांबले आहेत. मोठे भागधारक कोण, तर मुनीम, ड्रायव्हर, स्वयंपाकी आणि वॉचमन! कंपनीने मालकांना बारा लाख दिले, तरी कागदोपत्री ते किरकोळ भागधारकाला दिलेले कर्ज. पण लाभार्थी मालक कोण असे विचारले, आणि आबा सांगतात तसेच बाकी तिघांचेही असले, तर त्या तक्त्यात एकच नाव यावयास हवे. मालकांचे; आणि त्यापुढे टक्केवारी ७३. एकाच कंपनीची ही दोन चित्रे. कर कोणत्या चित्रावर बसणार, हे त्या चार ओळींच्या तक्त्यात कोण काय लिहितो त्यावर ठरते.

शेअरबाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांना आणखी एक प्रश्न आहे. थेट वा आडवळणाने किमान दहा टक्क्यांच्या अंतिम लाभार्थी असलेल्या हाडामांसाच्या व्यक्ती कोण, तेही सांगा. म्हणजे एका कंपनीचे भाग दुसरीकडे, दुसरीचे तिसरीकडे, अशी साखळी असेल तर शेवटच्या माणसापर्यंत पोचा. शिवाय २०१९-२० या आकारणी वर्षापासून अशा कंपन्यांना सर्वच भागधारकांची यादी जोडावी लागू लागली. पॅन, भागवाटपाची तारीख, भागांची संख्या, दर्शनी किंमत, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, असे तिचे रकाने. वर्षाच्या मध्ये कोणी बाहेर पडला असेल, तर तो कसा बाहेर पडला आणि भाग कोणाकडे गेले, हेही त्यात येते.

कंपनीच्या नावाखाली उभी असलेली माणसे मोजण्याची धडपड आपल्याकडे जुनीच आहे. अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उद्योगसमूहांच्या कंपन्यांची आतले वर्तुळ व बाहेरचे वर्तुळ अशी विभागणी केली होती. सत्ता चालवायला सगळे भाग हातात असावे लागत नाहीत, हे त्यातून दिसते. आमच्या अभ्यासक्रमात मक्तेदारीच्या धड्यात ते नाव येते आणि दोन गुणांसाठी आम्ही ते पाठ करतो.

या नावांचा उपयोग केवळ कर्जापुरता नाही. १९६१ च्या कायद्याच्या कलम ७९ नुसार मूठभरांच्या कंपनीला जुना तोटा पुढच्या नफ्यातून वजा करावयाचा असेल, तर किमान ५१ टक्के मताधिकाराचे भाग त्याच लाभार्थी मालकांकडे राहिलेले असले पाहिजेत. मृत्यूमुळे वा नातेवाइकाला दिलेल्या बक्षिसामुळे झालेला बदल याला अपवाद आहे. नाही तर तोट्यात बुडालेली कंपनी केवळ तिच्या तोट्यासाठी विकत घेण्याचा धंदा चालेल. तसेच वीस टक्क्यांचा भागधारक किंवा त्याचे नातेवाईक यांना कंपनीने वाजवीपेक्षा जास्त भाडे वा मोबदला दिला, तर जादा रक्कम खर्च म्हणून नामंजूर होते. भागधारकच ठाऊक नसतील तर यांतले काहीच तपासता येणार नाही. २०२५ साली संसदेने नवा प्राप्तिकर कायदा केला व तो १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला; मी येथे दिलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत.

येथे एक शंका मी सरांना विचारली. भागधारकाचे नाव नोंदवहीतही हवे, की खरा लाभ पुरे? सर म्हणाले, न्यायालयांतही यावर पुष्कळ खल झाला आहे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदवहीतील नावाला महत्त्व दिले होते. १९८७ च्या दुरुस्तीनंतर ते नाव आवश्यक नाही, असे मत त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१८ साली मांडले आणि प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यास सांगितले. एवढ्या थोर लोकांना जे अवघड गेले, ते आबांना मुनिमांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या कसे कळावे?

माझ्या मते या तक्त्याचा मोठा दोष असा की, तो ज्याने भरावयाचा, लपवण्याची गरजही त्यालाच. सही करणारा संचालक बहुधा मालकच असतो. खोटे विधान हा गुन्हा आहे हे खरे. पण विवरणपत्र गोपनीय असल्याने आबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, ते आबांना पाहता येत नाही. ज्याचे नाव वापरले त्यालाच कागद दिसू नये, हे मला पटत नाही. सरांचे म्हणणे निराळे. ते म्हणतात, करदात्याची गोपनीयता राहिलीच पाहिजे, आणि खाते पॅनवरून ताळा घेते. एखादा माणूस सोळा टक्क्यांचा भागधारक दिसतो आणि स्वतःचे विवरणपत्र कधीच भरत नाही, ही विसंगती यंत्राच्या नजरेस येते. सरांचे खरे असेल. पण मग पहिली नोटीस कोणाच्या दारात येईल? आमच्याच ना? २०१७ साली केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे निबंधकांच्या नोंदवहीतून काढून टाकली. त्यांपैकी किती कंपन्यांच्या यादीत आबांसारखी नावे असतील, असा विचार तेव्हापासून माझ्या मनात येतो.

शिवाय बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यातील शिक्षा एक ते सात वर्षे सक्तमजुरी व मालमत्तेच्या बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड, अशी झाली. मालमत्ता या शब्दात भागही येतात. कर चुकवण्यासाठी केलेल्या व्यवहारात ही शिक्षा खऱ्या मालकाला आहे, तशी ज्याच्या नावावर व्यवहार झाला त्यालाही आहे. मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून नवी तरतूद आली. नाव वापरले गेलेल्या माणसाने सर्व हकीकत पूर्ण व खरी सांगितली, तर त्याला शिक्षेतून सूट देता येते. खऱ्या मालकाला ही सवलत नाही.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८९ मध्येही वाट आहे. ज्याचे नाव नोंदवहीत आहे पण लाभ ज्याचा नाही, त्याने तसे जाहीरनामापत्र कंपनीला द्यावयाचे. खऱ्या मालकानेही आपले द्यावयाचे. मग कंपनीने तीस दिवसांत ते निबंधकांकडे नोंदवावयाचे. वास्तविक हे जाहीरनामापत्र नाव नोंदल्यापासून तीस दिवसांत द्यावयास हवे होते. आबांच्या बाबतीत ती मुदत केव्हाच उलटली आहे.

तो नमुना मी सरांच्या मदतीने भरला. आबांना मराठीत वाचून दाखवला. प्रत्येक ओळीला ते 'बरोबर' म्हणाले. खऱ्या मालकाचे नाव लिहावयाच्या जागी मात्र त्यांनी माझा हात धरला. "हंगाम सरू दे पोरी. आत्ता गाड्या चालू हायेत. आत्ता काढलं तर वर्षभर दुसरं काम नाही." आई म्हणाली, तुझी फी भरायची आहे अजून. कापसाचा हंगाम आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो आणि प्राप्तिकराचे वर्ष ३१ मार्चला संपते. नमुना माझ्या अर्थशास्त्राच्या वहीत आहे. त्यावर त्या एका नावाची व आबांच्या सहीची जागा कोरी आहे.